‘वरूनच बंद आहे’ म्हणजे नेमकं कुठून?

कॉलेजच्या वायफायवर एखादी साइट उघडत नाही. लॅबमधल्या सरांना विचारलं तर ते खांदे उडवतात: "वरूनच बंद आहे." सेतू केंद्रात दाखल्याचं काम अडलं की तिथेही हेच. बँकेत, पोस्टात, तहसीलमध्ये हेच. हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की पुढचा प्रश्न विचारायचंच राहून जातं. वर म्हणजे कुठे? गोंदियाला? नागपूरला? मुंबईला? आणि तिथल्या माणसाने एक बटण दाबलं तर ते जवळपास हजार किलोमीटरवरच्या सालेकसा किंवा देवरीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतं कसं?

हे उलगडायला आपल्या राज्य सरकारचंच नेटवर्क घेऊ. केंद्र सरकारने २००५ मध्ये सगळ्या राज्यांसाठी ‘स्टेट वाइड एरिया नेटवर्क’ ही योजना मंजूर केली. महाराष्ट्रात त्याचे टप्पे असे: मुंबईत राज्य मुख्यालय, मग विभागीय मुख्यालयं, मग जिल्हे, मग तालुके. गोंदिया नागपूर विभागात येतं आणि जिल्ह्यात आठ तालुके आहेत: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. एवढ्या पसरलेल्या जाळ्यात सुरक्षेचे नियम कसे फिरतात, हा आजचा विषय. पुढच्या उदाहरणातले नियम आणि नावं मी समजावण्यासाठी रचलीत. पद्धत मात्र खरी आहे. मोठ्या बँका, रेल्वे, आयटी कंपन्या सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच वापरतात.

आधी नियम म्हणजे काय ते

नेटवर्कच्या दारावर फायरवॉल बसलेली असते. तिच्याकडे नियमांची यादी असते. प्रत्येक नियमात चार गोष्टी: कोण, कुठे, कशासाठी, आणि जाऊ द्यायचं की अडवायचं. येणारं प्रत्येक कनेक्शन ती या यादीवर वरून खाली तपासते. जो नियम पहिला जुळला तो लागू, पुढचे बघायचेच नाहीत. ही ‘पहिला जुळला तो लागू’वाली गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे सगळं तिच्यावर उभं आहे.

आता ‘कोण’ आणि ‘कुठे’ या जागी आयपी पत्ते थेट लिहिता येतात. पण तसं कोणी शहाणा माणूस करत नाही. तुम्ही फोनमध्ये आईचा नंबर ‘आई’ नावाने सेव्ह करता ना, तसंच पत्त्यांना नाव देतात. या नावाला म्हणायचं ऑब्जेक्ट. ‘कोषागार_सर्व्हर’ हे एक ऑब्जेक्ट, ‘सगळी_तहसील_कार्यालयं’ हा ऑब्जेक्टचा ग्रुप. उद्या कोषागाराच्या सर्व्हरचा पत्ता बदलला तर एकाच ठिकाणी बदलायचा, तो वापरणारे पन्नास नियम आपोआप सुधारतात.

एका ऑफिसात हे सोपं आहे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि साडेतीनशेच्या आसपास तालुके आहेत. प्रत्येक ठिकाणच्या माणसाने ‘कोषागार_सर्व्हर’ स्वतः टाइप करायचं ठरवलं तर? कुणीतरी एक आकडा चुकवणार, कुणी जुनाच ठेवणार, कुणाची बदली झालेली असणार. आणि एखादा घातक पत्ता आज रात्रीच सगळीकडे अडवायचा असेल तर साडेतीनशे फोन कोण करणार?

मग दुसरं टोक: सगळं मुंबईतूनच चालवा. तेही जमत नाही. अर्जुनी मोरगावच्या ऑफिसात नवा प्रिंटर आला, हे मुंबईला कशाला कळायला हवं? आणि लाइन तुटली तर? गोंदिया जिल्ह्याचा बराच भाग जंगलाचा आहे, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटणं ही आपल्याकडे बातमी नसते.

म्हणून मधला मार्ग काढतात. मुंबईत एक मध्यवर्ती सर्व्हर, जिथे सगळ्यांना लागू असलेले नियम आणि सामायिक ऑब्जेक्ट तयार होतात. नागपूरसारख्या ठिकाणी प्रादेशिक मॅनेजमेंट सर्व्हर, जो वरून आलेलं घेतो, त्यात आपल्या भागाचं मिसळतो आणि खालच्या फायरवॉलना देतो. म्हणजे तालुक्यातली फायरवॉल थेट मुंबईचं ऐकत नाही. ती नागपूरचं ऐकते, आणि नागपूर मुंबईचं.

रेल्वेवाल्या मामांना विचारा

ही रचना कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेली नाही. गोंदियात रेल्वेत नोकरीला असलेला एखादा काका-मामा बहुतेकांना असतोच. त्यांच्याकडे ‘जनरल अँड सबसिडियरी रूल्स’ नावाचं जाडजूड पुस्तक असतं. त्यातले जनरल रूल्स १९७६ चे, अख्ख्या देशाला एकच. त्याच पुस्तकात त्या-त्या नियमाखाली झोनचे सबसिडियरी रूल्स छापलेले असतात. गोंदिया दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येतं, म्हणजे ते नियम येतात बिलासपूरहून. झोनला आपल्या गरजेची भर घालता येते, पण जनरल रूलच्या विरोधात जाता येत नाही. आणि त्याच्याही खाली स्टेशन वर्किंग रूल्स, फक्त त्या स्टेशनापुरते. कारण गोंदिया जंक्शनला बालाघाट आणि बल्लारशाहकडच्या लाइनी फुटतात, पुढच्या आमगावला तसं काही नाही. दोन्ही स्टेशनांना एकच कागद देऊन चालणार नाही.

फायरवॉलच्या जगात हीच गोष्ट थोडी वेगळी मांडतात. केंद्राचे नियम दोन तुकड्यांत येतात. एक तुकडा यादीच्या अगदी वर, एक अगदी खाली, आणि मधली जागा स्थानिक माणसासाठी मोकळी. पालो अल्टोच्या पॅनोरमामध्ये यांना प्री-रूल आणि पोस्ट-रूल म्हणतात, फोर्टिनेटच्या फोर्टीमॅनेजरमध्ये हेडर आणि फूटर. चेक पॉइंटमध्ये वेगळं ‘ग्लोबल डोमेन’ असतं आणि तिथली पॉलिसी खालच्या डोमेनना ‘असाइन’ करतात. नावं वेगळी, सँडविच तेच.

वरच्या तुकड्यात काय टाकतात? ज्यावर वाद नाही ते. माहीत असलेले घातक पत्ते अडवा. बाहेरून कुणी थेट सर्व्हरच्या स्क्रीनवर यायला बघत असेल तर अडवा. ‘पहिला जुळला तो लागू’ असल्यामुळे खालचा अ‍ॅडमिन इथे काही करू शकत नाही. मधल्या जागेत देवरीचा अ‍ॅडमिन आपला प्रिंटर, हजेरीचं मशीन, व्हिडिओ कॉन्फरन्सचं यंत्र यांचे नियम लिहितो. आणि तळाला केंद्राची शेवटची ओळ: वर काहीच जुळलं नसेल तर बंद, आणि नोंद ठेवा.

इथे माझं स्वतःचं मत सांगतो. वरचा तुकडा जितका छोटा तितकी सिस्टीम निरोगी. मुंबईत बसलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट वरच्या तुकड्यात टाकायचा मोह होतो, कारण तिथे कुणी हात लावू शकत नाही. पण तिथे टाकलेला प्रत्येक नियम म्हणजे खालच्या माणसाकडून काढून घेतलेला एक निर्णय. धान खरेदीच्या हंगामात शेतकऱ्यांची ऑनलाइन नोंदणी चालू आहे, आणि त्या पोर्टलला लागणारी एखादी सेवा वरच्या नियमात अडकली, असं समजा. तालुक्यातल्या माणसाला समोर रांग दिसतेय, कारणही कळलंय, पण त्याच्या स्क्रीनवर तो नियम करड्या रंगात आहे. फक्त वाचता येतो. मग तो रांगेला तेच सांगणार: वरूनच बंद आहे. बरं, ते खरंही असतं.

एक नाव, अनेक अर्थ

सामायिक ऑब्जेक्टमध्ये खरी गंमत आहे. केंद्राला नियम लिहायचाय: ‘प्रत्येक जिल्ह्यातल्या कॉम्प्युटरनी नावं शोधायला आपल्याच जिल्ह्याचा डीएनएस सर्व्हर वापरावा.’ नियम एकच, पण जिल्ह्याचा सर्व्हर प्रत्येक ठिकाणी वेगळा. ३६ नियम लिहायचे का? नाही. ‘जिल्हा_डीएनएस’ नावाचं रिकामं ऑब्जेक्ट बनवायचं आणि त्याची किंमत प्रत्येक ठिकाणी वेगळी भरायची. गोंदियात त्याचा अर्थ गोंदियाचा सर्व्हर, गडचिरोलीत गडचिरोलीचा. आपण ‘घरी जातो’ म्हणतो तेव्हा प्रत्येकाचं घर वेगळंच असतं की. चेक पॉइंटमध्ये याला डायनॅमिक ऑब्जेक्ट म्हणतात, फोर्टीमॅनेजरमध्ये पर-डिव्हाइस मॅपिंग.

घोळ होतो तो नावांच्या टकरीत. समजा गोंदियातल्या कुणीतरी तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या सोयीसाठी ‘कोषागार_सर्व्हर’ नावाचं ऑब्जेक्ट बनवलं होतं. आज मुंबईहून त्याच नावाचं, पण वेगळ्या पत्त्याचं ऑब्जेक्ट आलं. कोणतं खरं मानायचं? उत्तर प्रॉडक्टवर अवलंबून आहे. पॅनोरमामध्ये, तुम्ही सेटिंग बदललं नाही तर खालच्या पातळीवरचं जिंकतं. म्हणजे मुंबईला वाटतं सगळीकडे नवा पत्ता गेला, आणि गोंदियात जुनाच चालू. कुठेही लाल दिवा लागत नाही. यावर उपाय अगदी गावठी आहे आणि तोच चालतो: केंद्राच्या प्रत्येक नावापुढे ‘राज्य_’ असं काहीतरी लावायचं आणि ते खाली कुणी वापरायचं नाही असं ठरवून टाकायचं. मुलांची नावं ठेवताना आडनाव लावतो, तसं.

अजून एक बारीक गोष्ट. केंद्राकडे हजारो ऑब्जेक्ट असतात, तालुक्यातली फायरवॉल असते जेवणाच्या डब्याएवढी. तिची ऑब्जेक्ट साठवायची मर्यादा ठरलेली असते. म्हणून जे ऑब्जेक्ट त्या ठिकाणच्या एकाही नियमात वापरलेलं नाही ते खाली पाठवायचंच नाही, अशी सोय या सिस्टीममध्ये असते. ती चालू करायला लोक विसरतात.

नियमाचा प्रवास

मुंबईत ‘सेव्ह’ दाबलं म्हणजे देवरीत लागू झालं असं होत नाही. पहिला टप्पा: बदल प्रादेशिक सर्व्हरवर पोहोचतो, त्याला आवृत्तीचा नंबर मिळतो. दुसरा टप्पा: प्रादेशिक सर्व्हर तो फायरवॉलवर बसवतो. या दोन टप्प्यांच्या मध्ये एक दिवसही जाऊ शकतो, आणि तेवढ्या काळात मुंबईच्या स्क्रीनवर ‘पाठवलं’ दिसतं पण देवरीत जुनाच नियम चालतो. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या एका टिक आणि दोन टिकांमधला फरक बघा, तसाच.

लाइन तुटली तर? फायरवॉलकडे शेवटची बसवलेली पॉलिसी तिच्याच पोटात असते. ती त्यावर चालत राहते. वरचा सर्व्हर दिसत नाही म्हणून दार सताड उघडणं किंवा सगळं बंद करणं, दोन्ही वेडेपणा. लाइन परत आली की ती आपला नंबर सांगते, वरचा पुढे असेल तर राहिलेलं घेते.

पण नव्या नियमानेच लाइन तोडली तर? म्हणजे मुंबईहून असा नियम आला, ज्याने फायरवॉलचं नागपूरशी बोलणंच बंद झालं. आता दुरुस्तीही पाठवता येणार नाही, कारण रस्ताच नाही. कुणालातरी लॅपटॉप घेऊन एसटीने देवरीला जावं लागेल. यासाठी एक छान युक्ती आहे. ज्युनिपरच्या यंत्रांवर ‘कमिट कन्फर्म्ड’ नावाचा आदेश असतो: बदल लागू कर, पण १० मिनिटांत मी ‘ठीक आहे’ म्हटलं नाही तर आपोआप मागे जा. पॅनोरमाखालच्या फायरवॉलही बदलानंतर वरचा सर्व्हर दिसतोय का ते तपासतात, नाही दिसला तर जुनी पॉलिसी परत लावतात. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वात हुशार कल्पना हीच.

चूकही त्याच वेगाने जाते

१२ जून २०२५ ची रात्र आठवते का? आपल्याकडे सव्वाअकराच्या सुमाराला स्पॉटिफाय, डिस्कॉर्ड, स्नॅपचॅट अडखळायला लागले होते. कारण होतं गुगल क्लाउड, आणि प्रकार अगदी आपल्या विषयातला. गुगलकडे ‘सर्व्हिस कंट्रोल’ नावाची यंत्रणा आहे. प्रत्येक विनंतीला परवानगी आहे का, कोटा शिल्लक आहे का, हे ती बघते. ती प्रत्येक प्रदेशात वेगळी चालते आणि आपल्या प्रदेशातल्या साठ्यातून पॉलिसी वाचते. कागदावर सगळं बरोबर. २९ मे रोजी तिच्यात नवा कोड गेला होता, तोही टप्प्याटप्प्याने, प्रदेशामागून प्रदेश. पण तो कोड जागा होण्यासाठी विशिष्ट प्रकारची पॉलिसी यावी लागत होती, त्यामुळे चाचणीत तो चाललाच नाही. १२ जूनला तशी एक पॉलिसी आली, तिच्यात काही रकाने रिकामे होते. ती काही सेकंदांत जगभरच्या प्रदेशांत कॉपी झाली. प्रत्येक ठिकाणी यंत्रणेने रिकामा रकाना वाचला आणि कोसळली. पुन्हा उठली, पुन्हा तेच वाचलं, पुन्हा कोसळली.

इंजिनियरांना १० मिनिटांत कारण सापडलं, ४० मिनिटांत बंद करायचं बटण सगळीकडे पोहोचलं. तरी अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रदेशाला सावरायला पावणेतीन तासांच्या आसपास लागले, कारण सगळी यंत्रं एकदम उठून एकाच साठ्यावर तुटून पडली. लाइट आल्यावर गावातले सगळे पंप एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरचं काय होतं, ते गोंदियाच्या माणसाला सांगायला नको.

यातून दिसतं ते हे: त्यांनी कोड टप्प्याटप्प्याने पाठवला, पण पॉलिसीला ‘फक्त माहिती’ समजून एकदम सोडली. प्रदेश वेगळे होते, पण एकाच क्षणी एकच गोष्ट गिळत होते. मग वेगळे असून उपयोग काय?

१९ जुलै २०२४ च्या क्राउडस्ट्राइक प्रकरणातही हेच. आपल्या वेळेने सकाळी ९:३९ ला एक माहितीची फाइल सुटली, १०:५७ ला मागे घेतली. एवढ्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, आणि आपल्या विमानतळांवर इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. बऱ्याच कंपन्यांनी सेटिंग करून ठेवलं होतं की आम्हाला एक आवृत्ती मागे ठेवा. ते सेटिंग मुख्य सॉफ्टवेअरला लागू होतं, या फाइलला नाही. प्रादेशिक अ‍ॅडमिनच्या हातात ब्रेक होता, पण तो दुसऱ्याच चाकाचा.

आणि केंद्रच चोराच्या हाती गेलं तर काय होतं ते जुलै २०२१ मध्ये दिसलं. कसेया कंपनीच्या मॅनेजमेंट सर्व्हरमधल्या फटीतून खंडणीखोरांनी त्यांच्याच रस्त्याने व्हायरस खाली पाठवला. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची शेकडो दुकानं बंद राहिली, कारण गल्ले चालेनात.

म्हणून चांगल्या ठिकाणी नियम आधी एका छोट्या जागी सोडतात, तास-दोन तास बघतात, मग विभागात, मग राज्यात. घातक पत्ता अडवण्यासारखी घाई असेल तेव्हा वेगळा वेगवान रस्ता असतो, पण त्या रस्त्याने काय जाऊ शकतं ते आधीच ठरलेलं असतं. आणि प्रादेशिक सर्व्हर आलेलं डोळे झाकून गिळत नाही: सही तपासतो, रकाने भरलेले आहेत का बघतो, गडबड वाटली तर जुन्यावरच चालतो आणि वर कळवतो.

तुमच्या खिशातलं सामायिक ऑब्जेक्ट

तुमच्या फोनमध्येही असं एक आहे: विश्वासू प्रमाणपत्रांची यादी. समोरचा सर्व्हर खरा आहे की नकली, हे ठरवताना बहुतेक अ‍ॅप्सना या यादीचा आधार असतो. पूर्वी ती फक्त फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं तरच बदलायची, म्हणून स्वस्तातल्या जुन्या फोनमध्ये ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहायची. अँड्रॉइड १४ पासून ती गुगल प्लेच्या सिस्टीम अपडेटमधूनही बदलता येते.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ असं शोधा. दोन टॅब दिसतील, ‘सिस्टीम’ आणि ‘युजर’. पहिल्यातली यादी वरून आलेली. दुसऱ्यात काही दिसलं तर ते तुमच्या फोनवर नंतर टाकलेलं आहे. काही कॉलेजं आणि ऑफिसं वायफाय जोडताना एक प्रमाणपत्र टाकायला सांगतात. ते टाकलं की त्यांची फायरवॉल तुमच्या ब्राउझरचं कुलूपबंद बोलणंही मध्ये उघडून वाचू शकते. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अ‍ॅप्स अशा टाकलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाहीत, ब्राउझर मात्र ठेवू शकतो. कॉलेज संपलं, नोकरी सोडली, तरी ते तिथेच असतं. त्यावर टॅप केलं की काढून टाकायचा पर्याय तळाशी दिसतो.